शनिवारी पाळक साहेबांना कोण वेळ देतं?

या खेपेला चार पत्रं एकत्र घेते. लिहिणारी माणसं निराळी, गावं निराळी, पण चौघांनीही चर्चमधल्या रविवारच्या संदेशाच्या, म्हणजे पाळकांच्या उपदेशाच्या, तयारीबद्दलच विचारलंय. पहिल्या पत्राला जास्त जागा देते, कारण त्यात विचारलेलं मला स्वतःला फार जवळचं आहे. पाळकाच्या घरात माझा संसार झाला. संदेश कसा तयार होतो, आणि कधी कधी का होत नाही, ते मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलंय.

आदरणीय बाईंना सलाम. दर बुधवारी दुपारी आम्ही बायका प्रार्थनेला जमतो. आजारी माणसं, पोरांच्या परीक्षा, पाऊस, कर्ज, सगळ्यांसाठी मागणं होतं. शेवटी कुणीतरी म्हणतं, "पाळक साहेबांना आशीर्वाद दे, त्यांच्या सेवेला आशीर्वाद दे," की झालं आमेन. अलीकडं साहेबांचे संदेश कोरडे वाटायला लागलेत. माणूस लई चांगला आहे, कुणाच्याही दुखण्याखुपण्याला धावून येतो. त्यांच्या संदेशासाठी मनापासून प्रार्थना करावी वाटते, पण त्या एका ओळीच्या पुढं काय मागावं ते सुचत नाही. आणि आम्ही प्रार्थना करतो हे त्यांना सांगावं का? वाईट तर वाटणार नाही?
— एक भगिनी, अंबड तालुका

ताई, सलाम. संदेश कोरडा वाटला की बहुतेक मंडळीत आधी ओट्यावर चर्चा होते, मग कमिटीत तक्रार, मग बदलीचा अर्ज. तुम्ही बायका प्रार्थनेला बसलात, याचं मला फार समाधान वाटलं.

उपदेशकासाठी काय मागायचं हे प्रेषित पौलानंच सांगून ठेवलंय. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय काढा, 19 आणि 20 ही वचनं वाचा. माणूस बेड्यांत आहे, पण सुटका मागत नाही. तोंड उघडीन तेव्हा मला शब्द मिळावेत आणि मी धैर्यानं बोलावं, एवढंच मागतो. कलस्सैकरांना चौथ्या अध्यायात तो म्हणतो की वचनासाठी दार उघडावं आणि जसं बोलायला हवं तसं मला स्पष्ट बोलता यावं. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात तिसरा अध्याय याच मागण्यानं सुरू होतो: प्रभूचं वचन धावत जावं, म्हणून आमच्यासाठी प्रार्थना करा. या तीन जागा वहीत उतरवून घ्या, बुधवारचा तास पुरायचा नाही.

स्पष्टपणाचंच बघा. आपले पाळक शिकतात पुण्याला नाहीतर आणखी लांब. पुस्तकं बहुतेक इंग्रजी, बायबलवरचे टीकाग्रंथही इंग्रजी. मराठीत चांगलं टीकासाहित्य थोडं, आणि तेही खेड्यातल्या पाळकाच्या हाती सहज पडत नाही. म्हणजे रोमकरांच्या पत्रातलं नीतिमान ठरणं आधी एका भाषेत समजून घ्यायचं, आणि मग ते दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला, दहावीतल्या पोराला आणि ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना एकाच वेळी कळेल असं सांगायचं. हे सोपं काम नाही. आमचे साहेब एका उताऱ्यावर तीन दिवस घालवायचे आणि चौथ्या दिवशी सगळे कागद बाजूला ठेवून मला म्हणायचे, "तू ऐक, कळतंय का सांग." मी मान हलवली नाही की पुन्हा पहिल्यापासून. तर तुम्ही नुसता आशीर्वाद मागू नका. "साहेबांना या उताऱ्यातला कठीण भाग उलगडून दे, तो सांगायला आमच्या बोलीतले शब्द दे," असं मागा.

धैर्याचं तर शहरातल्या माणसाला पटकन ध्यानात यायचं नाही. आपल्या गावात मंडळी म्हणजे वीस-तीस घरं, त्यातली निम्मी एकमेकांची सोयरी. ज्यांच्या ओट्यावर शुक्रवारी चहा घेतला, त्यांच्याच घरातल्या हुंड्याबद्दल, दारूबद्दल, भावाभावांतल्या बांधाच्या भांडणाबद्दल रविवारी वचन सांगायचं. बरं, साहेबांचं मानधन मंडळीच्या दानातून, आणि दानाची वही ज्यांच्या हातात तेच पहिल्या बाकावर. तयारी करताना एखादं वाक्य लिहून खोडलं जातं ते इथं. ते वाक्य खोडलं जाऊ नये, आणि रागानंही लिहिलं जाऊ नये, दोन्हीसाठी प्रार्थना पाहिजे.

आता तुमच्या त्या "कोरडे" शब्दाकडं येते. यहेज्केलाच्या तिसऱ्या अध्यायात देव संदेष्ट्याला सांगतो की हा ग्रंथपट आधी खा, मग जाऊन इस्राएल घराण्याशी बोल. आधी पोटात, मग तोंडात. दुसऱ्यांना काय सांगू एवढ्याच नजरेनं आठवडाभर बायबल उघडणारा पाळक हळूहळू उपाशी राहायला लागतो. असं कोणत्याही देवभीरू माणसाचं होऊ शकतं, नुसत्या कामाच्या रेट्यानं. म्हणून रविवारच्या आधी त्यांना स्वतःला तो उतारा लागावा, टोचावा, धीर द्यावा, असं मागा. यशयाच्या 50 व्या अध्यायात चौथ्या वचनात सेवकाला शिणलेल्याला धीर देणारी जीभ मिळते, पण त्याच वचनात देव रोज सकाळी त्याचा कान उघडतो. कानाशिवाय जीभ मागू नका.

आणि घरातलंही बघा. दुष्काळाच्या वर्षी दान आटतं, दान आटलं की मानधन लांबतं, आणि लेकराच्या फीची तारीख काही लांबत नाही. या काळजीत माणूस टेबलाशी बसतो, पान उघडं राहतं, डोळे दुसरीकडंच. तुमच्या साहेबांच्या घरी असं काही असेल तर प्रार्थनेच्या आधी कमिटीला मानधनाची आठवण करून द्या.

शनिवारबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय. आमच्याकडं शनिवार हा संदेशाचा दिवस असायचा, निदान ठरवलेला तरी. सकाळी टेबल आवरून साहेब बसले की कुणीतरी हजर. एकाला शाळेच्या अर्जावर सही पाहिजे, दुसऱ्याला लग्नाची तारीख, तिसऱ्याच्या सुनेचं माहेराहून भांडण आलेलं. मग वीज जायची. संध्याकाळी आणखी एका गावची प्रार्थना, कारण आपल्याकडं एकेका पाळकाकडं चार-पाच खेडी असतात. रात्री जेवून साहेब पुन्हा बसायचे, पाठ दुखायची, आणि मी म्हणायची झोपा. येणाऱ्यांपैकी एकही माणूस वाईट नव्हता. प्रत्येकाचं काम खरं होतं. पण त्याच माणसांना रविवारी ताजी भाकरी पाहिजे असायची, आणि पीठ मळायला वेळ त्यांनीच ठेवला नव्हता.

निर्गमाच्या 17 व्या अध्यायात अमालेकाशी लढाई आहे. मोशेचे हात वर तोवर इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेकाची. अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी हात धरले, हे आपण संडे स्कूलपासून ऐकतो. पण बारावं वचन नीट वाचा. हात धरायच्या आधी त्यांनी एक धोंडा आणून मोशेच्या खाली ठेवला आणि त्याला बसवलं. आधी बसायची सोय, मग हात. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायातही तेच: विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली, ती खरीच होती, ती निस्तरायला सात माणसं निवडली, आणि प्रेषित प्रार्थना व वचनाची सेवा यांसाठी मोकळे झाले.

म्हणून तुमच्या बायकांच्या गटाला माझी विनंती आहे. बुधवारी प्रार्थना कराच, पण शनिवारची सकाळ साहेबांना मिळवूनही द्या. आमच्या एका मंडळीत हे झालं होतं. दोन वडील आळीपाळीनं शनिवारी पाळकगृहाच्या ओसरीत बसायचे. आलेल्याचं काम विचारायचे, सही असेल तर कागद ठेवून घ्यायचे, भांडण असेल तर सोमवारची वेळ द्यायचे. मयत किंवा मोठं आजारपण असेल तरच आत निरोप जायचा. सुरुवातीला काही जण रुसले. नंतर तेच रुसलेले म्हणायला लागले की साहेब आता आमच्याशी बोलल्यासारखं बोलतात.

साहेबांना सांगावं का, विचारलंत. सांगा, पण "संदेश कोरडे होतायत म्हणून आम्ही प्रार्थना करतो" असं नको. तुमच्यातल्या दोघी जाऊन एवढंच विचारा, "साहेब, येत्या रविवारचा उतारा कोणता? बुधवारी आम्ही तोच वाचणार आहोत." आणि खरंच वाचा, मोठ्यानं, दोनदा. त्यातला जो भाग तुम्हाला कळला नाही तोच बहुधा साहेबांनाही अडलेला असतो, तिथंच मागणं करा. एक पथ्य पाळा: साहेब समोर असताना प्रार्थनेतून त्यांना सूचना देऊ नका. "प्रभू, तुझ्या सेवकाला थोडक्यात बोलायला शिकव," असं डोळे मिटून म्हटलं की ती देवाशी केलेली गोष्ट राहत नाही. पाळकाच्या बायकोला बाकावर बसून ते ऐकताना काय वाटतं, ते मला ठाऊक आहे.

सलाम बाई. मी बीड जिल्ह्यातला, वय 22. दिवाळी झाली की आई-वडलांसोबत ऊसतोडीला येतो, आता साताऱ्याकडं आहोत. इथं रविवार नसतो. पहाटे फडात, रात्री गाडी भरेपर्यंत सुटका नाही. जवळ आपली मंडळी नाही. गावाकडच्या साहेबांनी निघताना सगळ्या टोळीसाठी प्रार्थना केली होती. आम्ही त्यांच्यासाठी इथून काय करणार? संदेश तर ऐकायला मिळत नाही.

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही गेल्यावर गावात काय उरतं ते आधी सांगते. म्हातारी माणसं, त्यांच्याकडं ठेवलेली लेकरं आणि रिकामे बाक. तुझे साहेब आता त्या रिकाम्या बाकांसमोर उभे राहतात. डझनभर माणसांसाठी कशाला एवढी तयारी, मागचंच काहीतरी सांगू, असं त्या दिवसांत पाळकाच्या मनात येऊ शकतं. तू त्यासाठीच प्रार्थना कर. "प्रभू, आम्ही नसताना माझ्या आजीला आणि धाकट्या भावाला साहेबांनी पूर्ण ताटातलं वाढावं." हे मागणं तुझ्याइतकं मनापासून दुसरं कोण करील?

वेळ नाही म्हणतोस ते खरं आहे. पहाटे चारला अंधारात उठून गुडघ्यावर तासभर बस, असं मी कोयता धरणाऱ्या माणसाला सांगणार नाही. गुरुवारी साहेबांना फोन लाव आणि उतारा विचार. रात्री कोपीत भाकरी खाताना तो एकदा वाचा, आईला वाचता येत नसेल तर तू वाच. दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधताना त्यातलं एखादं वचन मनात राहील, तेच प्रार्थना म्हणून चालतं. पौल रोमच्या मंडळीला 15 व्या अध्यायात लिहितो की माझ्यासाठी प्रार्थना करून माझ्याबरोबर झुंजा. तोवर तो त्या मंडळीला भेटलेलाही नव्हता. झुंजणारी माणसं लांब होती म्हणून त्यांची प्रार्थना त्यानं कमी धरली नाही.

फोनवर आणखी एक कर. फडातली एखादी गोष्ट साहेबांना सांग. मुकादमाची उचल फिटत नाही म्हणजे काय, लेकरू उसाच्या पाल्यावर झोपवून आई कशी राबते, रात्री गाडी भरताना काय मनात येतं. जो पाळक हे ऐकून टेबलाशी बसेल, त्याला मत्तयाच्या 11 व्या अध्यायातलं कष्टी आणि भाराक्रांत जनांना दिलेलं बोलावणं पुस्तकातून समजून घ्यावं लागणार नाही. संदेश कुणीतरी फोनवर रेकॉर्ड करून पाठवला तर बघ, तुझ्या टोळीत इतरही ऐकतील.

सलाम. आमच्या भागात जुन्या मिशनचा वारसा आहे, नारायण शेषाद्रींसारखी माणसं इथं होऊन गेली. आताचे पाळक मोबाईलवर दुसऱ्यांचे संदेश ऐकून तेच रविवारी सांगतात. आमच्या पाळकांचा एक संदेश मी यूट्यूबवर शब्दशः ऐकला. जो तयारीच करत नाही त्याच्या तयारीसाठी प्रार्थना कशी करायची?
— एक वडील, जालना जिल्हा

दादा, तुमचं दुखणं मी मानते. दुसऱ्याचा संदेश आपला म्हणून सांगणं ही फसवणूक आहे, आणि ती चालू द्यावी असं मी म्हणणार नाही. तुम्ही मंडळीचे वडील आहात. एकटे जा, दार लावून बसा आणि सरळ विचारा, "साहेब, त्या आठवड्यात काय झालं होतं?" उत्तर मिळाल्याखेरीज कमिटीत विषय काढू नका. कदाचित त्या आठवड्यात दोन मयती आणि एक लग्न असेल. कदाचित खरोखर आळस असेल. मग मोकळेपणानं बोला.

वारशाबद्दल लिहिलंत म्हणून. शेषाद्रींचा बाप्तिस्मा 1843 साली मुंबईत झाला, आणि पुढं जालन्याजवळ निजामाच्या मुलखात त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. ते ब्राह्मण घरातले, आणि इथं त्यांच्यापाशी आले बहुतेक मांग आणि महार वस्तीतले लोक. ज्या माणसांत आपण वाढलो नाही त्यांच्या काळजाला भिडेल असं सांगायला किती ऐकावं लागलं असेल, याचा विचार करा. आताचे पाळकही बदलीनं येतात, कुणी नगरकडचा, कुणी विदर्भातला. आपली माणसं, आपली बोली त्यांच्या अंगवळणी पडायच्या आधी पुढची बदली येते. तुमचे साहेब फोनमधला संदेश उचलतात त्याचं एक कारण हेही असू शकतं की आपल्या मंडळीला काय दुखतंय ते त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. तुमच्यासारख्या वडिलांनी त्यांना आठवड्यातून एक फेरी घरोघर सोबत न्यावं. आणि हो, प्रार्थना थांबवू नका. तयारी न करणाऱ्यालाच तिची जास्त गरज आहे. याकोब तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात सांगतो की शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल. हे ध्यानात ठेवून प्रार्थना केलीत तर राग आपोआप थोडा बाजूला बसेल.

बाई, मी स्वतः पाळक आहे. गाव लिहित नाही. पुष्कळदा शनिवारी रात्रीपर्यंत माझ्याकडं काहीच नसतं. मंडळीला "माझ्या संदेशासाठी प्रार्थना करा" असं सांगायला जीभ रेटत नाही. लोक म्हणतील, याला येत नाही वाटतं.

साहेब, सलाम. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटाकडं, पाचव्या अध्यायात, पौल चार शब्दांत सांगून मोकळा होतो: बंधूंनो, आमच्यासाठी प्रार्थना करा. ती मंडळी त्याच्या हातची, विश्वासात अगदी नवी. नवख्या विश्वासणाऱ्यांपुढं हात पसरायला त्याला संकोच वाटला नाही. त्याच माणसानं तुरुंगातून तीमथ्याला झगा आणायला सांगताना पुस्तकंही मागवली, विशेषकरून चर्मपत्रं. म्हणजे अभ्यास हवा होता आणि लोकांची प्रार्थनाही.

"माझ्या संदेशासाठी" असं मोघम सांगायला जड जातं, हे मला कळतं. तसं सांगू नका. येत्या रविवारी जाहीर सूचना झाल्या की पुढच्या रविवारचा उतारा वाचून दाखवा. चर्चच्या कॅलेंडरात वाचनं ठरलेली असतात, तेव्हा ते तुमच्या हातात आधीच असतं. मग त्यातली एक अडचण बोलून दाखवा: "लेकीसाठी विनवणाऱ्या कनानी बाईला प्रभू आधी उत्तर का देत नाही, हे मला नीट उमगलेलं नाही. आठवडाभर यावर माझ्याबरोबर प्रार्थना करा." लोकांना त्यात कमीपणा दिसणार नाही, त्यांनाही तोच प्रश्न पडलेला असतो. संडे स्कूलच्या लेकरांनाही सांगा, ती विसरत नाहीत आणि मंगळवारी रस्त्यात गाठून विचारतात, "साहेब, उत्तर सापडलं का?"

आणि शनिवार रात्रीची वाट बघू नका. सोमवारी सकाळी, थकवा असला तरी, उतारा एकदा वाचून ठेवा. घरात पत्नी असेल तर तिलाही तो वाचून दाखवा आणि तिचं ऐका.